धागा: आब्राहाम त्स्वी इडेलसोन: ज्यू संगीताचे दहा खंड आणि 'हावा नागिला'

मंद्रसप्तक

'हावा नागिला' हे हिब्रू गाणं जगभर ज्यू लग्नांत वाजतं. लोक ते लोकगीत समजतात, पण त्याला आजचं रूप दिलं जेरुसलेममधल्या एका शाळाशिक्षकाने, आब्राहाम त्स्वी इडेलसोन यांनी. संगीतकार, संग्राहक आणि शिक्षक ही तीन कामं त्यांनी कधी वेगळी ठेवली नाहीत. सकाळी एखाद्या येमेनी माणसाकडून ऐकलेली चाल संध्याकाळी वर्गात मुलांकडून गाऊन घ्यायची, आणि तीच पुढे ग्रंथात आणि ऑपेरात, असा हा एकच धंदा होता. म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर चर्चेसाठी हा धागा.

आधी कारकिर्दीचा सांगाडा मांडतो.

जन्म १८८२, बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिबाऊ (आजचं लिएपाया, लात्व्हिया) गावाजवळ. लहानपणी तिथल्या हज्जानकडे, म्हणजे सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) प्रार्थना गाणाऱ्या गायकाकडे, तालीम. पुढे बर्लिन आणि लाइपझिग इथे पाश्चात्त्य संगीताचं रीतसर शिक्षण. जर्मनीत रेगेन्सबुर्गला हज्जानची नोकरी, मग थोडा काळ जोहान्सबर्ग. तिथून जेरुसलेम. पहिल्या महायुद्धाच्या आधीची ही वर्षं आणि १९२१ पर्यंतचा जेरुसलेमचा मुक्काम हाच त्यांच्या आयुष्याचा गाभा. शाळेत आणि शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात संगीत शिकवत, मुलांसाठी हिब्रू गाण्यांची पुस्तकं काढत, गायकवृंद बसवत. युद्धात तुर्की सैन्यात भरती व्हावं लागलं, तिथे गाझामध्ये लष्करी बँड सांभाळला.

१९२२ मध्ये 'यिफ्ताख' हा ऑपेरा प्रसिद्ध झाला. बायबलमधल्या न्यायाधीशांच्या पुस्तकातली कथा, आणि चाली निरनिराळ्या ज्यू समाजांकडून गोळा केलेल्या. पॅलेस्टाइनमध्ये लिहिलेला हा पहिला हिब्रू ऑपेरा. १९२४ पासून अमेरिकेत सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजात अध्यापन. तिथे एदुआर्द बिर्नबाउम या कोनिग्सबर्गच्या हज्जानने आयुष्यभर जमवलेली हस्तलिखितं होती, त्यांची सूची इडेलसोन यांनी केली. १९२९ मध्ये ज्यू संगीताचा इतिहास, १९३२ मध्ये ज्यू उपासनेचा इतिहास, दोन्ही इंग्रजीत. १९३० च्या दशकात पक्षाघाताच्या झटक्यांनी काम थांबलं. १९३७ ला कुटुंबाकडे जोहान्सबर्गला परतले आणि ऑगस्ट १९३८ मध्ये तिथेच वारले. वय छप्पन्न.

या सगळ्याच्या मध्यभागी 'हिब्रू-पौर्वात्य चालींचा कोश' हा १९१४ ते १९३२ या काळात निघालेला दहा खंडांचा संग्रह आहे. समाजवार मांडणी अशी: १ येमेन, २ बगदाद, ३ इराण, बुखारा आणि दागिस्तान, ४ पौर्वात्य सेफार्दी (स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंचे वंशज), ५ मोरोक्को, ६ अठराव्या शतकातली जर्मन हस्तलिखितं, ७ दक्षिण जर्मनी, ८ पूर्व युरोपची सिनेगॉग-गायकी, ९ पूर्व युरोपची लोकगीतं, १० हासिदी (पूर्व युरोपातल्या एका ज्यू भक्तिपंथाची) गाणी.

ध्वनिमुद्रणाच्या बाजूबद्दल मेणचकती यांनी लिहावं ही विनंती.

मेणचकती

लिहितो. १९११ ते १९१३ या काळातली त्यांची ध्वनिमुद्रणं व्हिएन्नाच्या फोनोग्राम-आर्काइव्हसाठी होती. ही संस्था १८९९ मध्ये सुरू झाली, जगातलं पहिलं ध्वनिसंग्रहालय. तिचं यंत्र इतरांपेक्षा निराळं होतं. खोदकाम एडिसनच्या पद्धतीचं, म्हणजे सुई खालीवर जाणारी, पण नळकांड्याऐवजी मेणाच्या चकतीवर. चकतीचा फायदा असा की तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा काढता येतो आणि साच्यातून हव्या तेवढ्या प्रती. मूळ मेण दर वाजवणीला झिजतं, साचा झिजत नाही. त्या आवाजांपैकी बरेच आज ऐकता येतात ते या साच्यांमुळे.

वीज नाही, मायक्रोफोन नाही. गायकाने तोंड कर्ण्यात जवळजवळ घालून गायचं. यातून ठराविक दोष येतात आणि ऐकताना ते ओळखता आले पाहिजेत:

येमेनी किंवा इराणी गायक प्रार्थना म्हणताना डोलतो. डोललं की आवाज कर्ण्यातून बाहेर जातो आणि ओळीच्या मधेच बारीक होतो. ऐकणाऱ्याला वाटतं गायकाने मुद्दाम आवाज दाबला. तसं नसतं.

चकती दोनेक मिनिटांत संपते. त्यामुळे लांब पठण तुटतं, किंवा गायक घाईने गातो. या मुद्रणांवरून लयीबद्दल निष्कर्ष काढू नयेत, निदान एकट्या त्यांच्यावरून.

तिसरा दोष सगळ्यात महत्त्वाचा: वेग. हाताने किल्ली दिलेल्या स्प्रिंगवर चकती फिरते, वेग बदलला की स्वरही बदलतो. उपाय म्हणून मुद्रणातच एका स्वरनळीचा सूर टिपून ठेवायची व्हिएन्नाची पद्धत होती, ४३५ हर्ट्झचा. आज प्रत वाजवताना आधी तो सूर मोजायचा. समजा तो ४६० हर्ट्झ आला. ४६० भागिले ४३५ म्हणजे १.०५७, म्हणजे प्रत पावणेसहा टक्के वेगाने फिरते आहे आणि सगळं गाणं जवळपास एक अर्धस्वर वर चढलं आहे. वेग तेवढा उतरवायचा आणि मगच सा शोधायचा. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच प्रतींत हा नळीचा सूर कापून टाकलेला असतो. अशी प्रत स्वरलेखनाला निरुपयोगी.

प्रत्येक मुद्रणाबरोबर एक कागद भरायचा: गाणाऱ्याचं नाव, वय, जन्मगाव, काय गायलं, त्याचे शब्द. इडेलसोन यांनी गाण्यांबरोबर हिब्रू उच्चारांचे नमुनेही मुद्रित केले. येमेनी, इराणी आणि सीरियन ज्यूंच्या या मुद्रणांचा अहवाल व्हिएन्नाच्या अकादमीने १९१७ मध्ये छापला.

पायपेटी

दोघांचेही आभार. एक व्यावहारिक प्रश्न. 'हावा नागिला' पेटीवर भैरवच्या स्वरांत बसवलं की पहिली ओळ बरोबर येते, पुढे मात्र काहीतरी खटकतं. नेमके स्वर कोणते?

मंद्रसप्तक

खटकतं ते निषादामुळे. पहिला भाग पाहा:

सा सा ग रे सा
ग ग प म ग
म म ध प म
ग रे सा

रे आणि ध कोमल, ग शुद्ध. या भागात निषाद लागतच नाही, म्हणून भैरव वाटतो. पण मूळ स्वरसप्तक सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नि असं आहे. आपल्याकडे हे स्वर बसंत मुखारीचे, कर्नाटकात वकुळाभरणम्. पूर्वांग भैरवचं, उत्तरांग भैरवीचं. चलन अर्थातच निराळं, फक्त स्वर जुळतात.

दुसऱ्या भागाच्या साथीत कोमल निषाद येतो. इथे ओळ संपवणारा कॉर्ड नि-रे-म आहे (तिन्ही मूळ सा धरून, नि आणि रे कोमल) आणि त्यावरून सा-ग-प वर उतरायचं. गिटारवाल्यांसाठी: सा म्हणजे ई धरला तर डी मायनरवरून ई मेजर. शुद्ध निषाद लावला की हा कॉर्ड बिघडतो. आणखी एक चूक नेहमी होते. सवयीने पंचमाचा कॉर्ड लावून सा वर यायचा प्रयत्न. या सप्तकात पंचमावर प-नि-रे मिळतो, त्यात पंचम आणि कोमल रे यांचं अंतर अपुरं आहे, कॉर्ड लंगडा पडतो. पंचम सोडा, कोमल निषादाचाच आधार घ्या.

'उरू, उरू अखिम' या तिसऱ्या भागात मूळ मध्यमाला नवा सा करायचा आणि तिथून मायनर. म्हणजे ई वरून ए मायनर. शेवटी पुन्हा ई.

या सप्तकाला हज्जान 'आहावा राब्बा' म्हणतात, सकाळच्या एका प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांवरून. असे प्रार्थनांचे आणखी मार्ग आहेत, यिडिशमध्ये (पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत) 'श्टायगर'. 'मागेन आवोत' साध्या मायनरजवळचा. 'आदोनाय मालाख' आपल्या खमाजाच्या सप्तकासारखा, पण तार सप्तकात गांधार कोमल होतो. 'मी शेबेराख'मध्ये कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध, कोमल नि. कर्नाटकातल्या हेमवतीचे स्वर. इडेलसोन यांनी ठासून सांगितलेली गोष्ट अशी की श्टायगर म्हणजे निव्वळ सप्तक नव्हे, त्यात ठराविक स्वरवाक्यं असतात: आरंभाची, मधली, समाप्तीची. राग म्हणजे थाट नव्हे हे ज्यांना कळतं त्या मराठी वाचकाला हे समजवायला वेगळे कष्ट नकोत.

चाल कुठली? पूर्व युरोपातल्या बुकोव्हिना प्रांतातल्या सादागोरा इथल्या हासिदी परंपरेची, शब्दांशिवाय गायची धून. इडेलसोन यांच्या सांगण्याप्रमाणे १९१५ मध्ये त्यांनी ती लिहून घेतली, १९१८ मध्ये जेरुसलेममधल्या एका कार्यक्रमासाठी गायकवृंदाला बसवली आणि सोपे हिब्रू शब्द घातले. ११८ व्या स्तोत्रातल्या 'नागिला वेनिस्मेखा', आनंद करू या, हर्ष करू या, यावरून. १९२२ च्या गीतसंग्रहात ते छापलं गेलं. त्यांचा विद्यार्थी मोशे नाथानसन, जो पुढे अमेरिकेत हज्जान झाला, त्याच्याकडेही शब्दांचं श्रेय दिलं जातं. हा वाद चालूच आहे.

लिपीकार

या धाग्यात लिपीचा मुद्दा यायलाच हवा, कारण शिक्षक म्हणून इडेलसोन यांची खरी अडचण तिथे होती.

हिब्रू उजवीकडून डावीकडे, पाश्चात्त्य स्वरलेखन डावीकडून उजवीकडे. गाण्याचे शब्द स्वरांखाली लिहायचे तर एकाला तरी उलटं व्हावं लागतं. नेहमीचा मार्ग म्हणजे शब्दाचे तुकडे करून एकेक अक्षर स्वराखाली टाकणं. प्रत्येक तुकडा आतून उजवीकडून, पण तुकड्यांची रांग डावीकडून. मुलांना ते वाचताच येत नाही. इडेलसोन यांनी हिब्रू पुस्तकांत स्वरच उजवीकडून डावीकडे छापले. पट्टीचं चिन्ह उजव्या टोकाला, पहिली मात्रा उजवीकडे. हे खंड वाचायला घ्याल तेव्हा पहिल्या पानावर गोंधळ होईल, तो यामुळे. स्वराची उंची तीच, वाचायची दिशा उलटी. चढती ओळ उतरती समजणं ही हमखास होणारी चूक.

दुसरं, आघात. पूर्व युरोपीय उच्चारात बऱ्याच शब्दांचा आघात उपान्त्य अक्षरावर येतो, सेफार्दी उच्चारात शेवटच्या. 'शाब्बेस' विरुद्ध 'शाब्बात'. जुन्या उच्चारावर बेतलेल्या चालीत नवा उच्चार घातला की सम चुकीच्या अक्षरावर पडते. जेरुसलेमच्या शाळांत सेफार्दी उच्चाराची नवी हिब्रू शिकवली जात होती, त्यामुळे आघात शेवटी धरणाऱ्या चाली नव्याने करणं भाग होतं. त्यांनी मुलांसाठी एवढी गाणी का रचली याचं मोठं कारण हेच.

तिसरं, बायबलपठणाची चिन्हं, 'तेआमीम'. ही चिन्हं स्वर सांगत नाहीत. प्रत्येक चिन्ह म्हणजे एक छोटं स्वरवाक्य, आणि ते वाक्य समाजागणिक वेगळं. बायबलचं पहिलंच वाक्य घ्या:

बेरेशीत: तिपखा
बारा: मुनाख
एलोहीम: एत्नाख्ता (इथे अर्ध्या वाक्याचा विराम)
एत: मेर्खा
हाशामायीम: तिपखा
वेएत: मेर्खा
हाआरेत्स: सिल्लुक, वाक्य समाप्त

चिन्हांची ही रांग बगदादला तीच, येमेनला तीच, लिथुआनियात तीच. सूर तिन्हीकडे निराळे. शिवाय एकाच समाजात तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं), संदेष्ट्यांची पुस्तकं, एस्तेर आणि विलापगीत यांसाठी त्याच चिन्हांचे सूर बदलतात. स्तोत्रं, नीतिसूत्रं आणि ईयोब या तीन पुस्तकांना तर चिन्हांची पद्धतच वेगळी. आणि सिनेगॉगमधल्या तोराच्या गुंडाळीवर चिन्हं नसतातच. वाचणाऱ्याने छापील प्रतीवरून पाठ करून यायचं. पाठांतर कच्चं असेल तर चूक बहुतेक वेळा तिपखा आणि मेर्खामध्ये होते, कारण तिपखा तोडतो आणि मेर्खा जोडतो. जिथे जोडायचं तिथे थांबलं की अर्थ बदलतो.

इडेलसोन यांनी ही चिन्हं समाजवार शेजारी शेजारी कोष्टकात मांडली. पुढच्या सगळ्या अभ्यासकांनी वापरलं ते हे कोष्टक.

सम_आणि_काल

सगळं मान्य, पण त्या कोष्टकावरून त्यांनी काढलेला निष्कर्षही सांगितला पाहिजे. त्यांचं म्हणणं असं: येमेन, इराण, बगदाद हे समाज शतकानुशतकं एकमेकांपासून दूर राहिले, तरी त्यांच्या पठणात समान स्वरवाक्यं आहेत, म्हणजे ती जेरुसलेमच्या मंदिराच्या काळापासून आलेली असणार. पुढे जाऊन ग्रेगोरियन पठणाशीही (कॅथलिक चर्चच्या जुन्या गायकीशी) त्यांनी साम्य दाखवलं.

हा दावा आज तसाच्या तसा टिकत नाही. पठणाची स्वरवाक्यं तीन-चार स्वरांची असतात आणि चार-पाच स्वरांच्या पल्ल्यात फिरतात. एवढ्या छोट्या पल्ल्यात योगायोगानेही भरपूर साम्य सापडतं. साम्याला वजन हवं असेल तर निदान तीन गोष्टी एकत्र जुळायला हव्यात: न्यासाचा स्वर, त्या वाक्याची मजकुरातली जागा आणि अक्षरांवरची वाटणी. नुसती स्वरांची रांग जुळून भागत नाही. आणि 'दूर राहिले' हेही पूर्ण खरं नाही. व्यापारी, धर्मगुरू, छापील पुस्तकं यांची ये-जा होती.

दुसरा आक्षेप गोळा करण्याच्या पद्धतीवर. ते येमेनला किंवा बुखाऱ्याला गेले नाहीत, जेरुसलेममध्ये राहायला आलेल्या लोकांकडून त्यांनी ऐकलं. काही समाजांसाठी सांगणारे मोजकेच. एका माणसाची गायकी पूर्ण समाजाच्या नावावर छापली जाण्याचा धोका त्यात आहे. तिसरं म्हणजे पाच रेघांच्या स्वरलेखनात अर्ध्या स्वरापेक्षा बारीक अंतरं दिसत नाहीत, आणि बगदादी गायकीत ती अंतरंच प्राण असतात.

मेणचकती

उगमाबद्दलचा आक्षेप पूर्ण पटतो. पद्धतीबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे.

१९११ मध्ये जेरुसलेम हे एकच गाव असं होतं जिथे पायी चालण्याच्या अंतरात एवढे समाज राहत होते. एकाच कानाने, एकाच यंत्रावर, त्याच वर्षांत सगळे टिपले गेले म्हणून तुलना शक्य झाली. सूक्ष्म अंतरांचं त्यांना भान होतं. अरबी मकामांवर, म्हणजे तिथल्या रागांसारख्या स्वररचनांवर, त्यांनी १९१३ मध्येच स्वतंत्र निबंध लिहिला होता. छापील ओळीत ती अंतरं नसतील तर मुद्रण ऐकायचं. मुद्रण आणि छापील स्वर शेजारी ठेवून ऐकले की त्यांनी काय गाळलं ते कळतं: हरकती कमी केल्या आहेत, गायकाने दुसऱ्यांदा गाताना केलेला बदल सोडला आहे, एकच पाठ ठेवला आहे. ही त्यांच्या कामातली खरी उणीव, आणि ती भरून काढण्याचं साधनही त्यांनीच मागे ठेवलं. पुढे १९३५ पासून संगीतसंशोधक रॉबर्ट लाखमान यांनी जेरुसलेमातच नव्या यंत्रावर मुद्रणं केली. त्यांचा भर कोशापेक्षा एकेका गायकाच्या सखोल अभ्यासावर होता. दोन्ही एकत्र वाचावेत.

सहाव्या खंडाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, तेवढं एक सांगतो. बर्लिनचा हज्जान आरोन बेअर याच्या १७९१ च्या संग्रहात वर्षभराच्या साप्ताहिक उपासनांसाठी ४४७ रचना आहेत, दर आठवड्याला वेगळ्या. कारण त्यानेच लिहून ठेवलं आहे: चाल वर्षातून एकदाच ऐकली तर लोकांना ती पाठ होणार नाही, आणि मधेच सूर लावून ते हज्जानला गोंधळात टाकणार नाहीत. सिनेगॉगमध्ये व्यावसायिक गायक आणि जमाव यांच्यात चाललेली ओढाताण यापेक्षा स्पष्ट कुठे सापडणार नाही.

दिंडी_साकी

दहा खंडांच्या यादीत महाराष्ट्राच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला खंड नाही, कोचीनलाही नाही. याचं वाईट वाटतं, कारण इडेलसोन जे शोधत होते त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच मिळेल.

कोकणातल्या या तेल गाळणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या, म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या गेलेल्या समाजाने हिब्रू उपासना एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणात कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून घेतली, पुढे मुंबईत बगदादी ज्यूंचा शेजारही लाभला. म्हणजे प्रार्थनेच्या चाली त्या वाटेने आल्या. आणि त्याच समाजाने १८८० च्या सुमारास मुंबईत मराठी कीर्तन सुरू केलं. आख्यान आब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं; छंद आपले, साकी, दिंडी, आर्या, ओवी. साकी म्हणजे १६ आणि १२ अशा २८ मात्रा, दिंडी ९ आणि १० अशा १९. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या पिढीतलं मोठं नाव.

यावर आज कुणी काम करणार असेल तर इडेलसोन यांची समाजवार चौकट घ्यावी, पण एक दुरुस्ती करून. एकाच गायकाकडून तीन गोष्टी स्वतंत्र टिपाव्यात: हिब्रू प्रार्थना, तोरापठण आणि मराठी पद. तिन्ही एकाच बैठकीत घेतली तर पदाचा सा आणि पेटीची पट्टी प्रार्थनेत घुसते. आधी पेटीशिवाय प्रार्थना, मग पठण, पेटी शेवटी. मलिद्याच्या (बेने इस्राएलांच्या नैवेद्याच्या विधीच्या) वेळी म्हटलं जाणारं एलियाहू हान्नावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गीत घराघरांत वेगळं असतं. एक पाठ 'बरोबर' ठरवू नये, सगळे लिहावेत, गाव आणि घराणं नोंदवून. पदांसाठी छंदाचं नाव विचारावं. चालीचं नाव आठवलं नाही तरी जुन्या माणसांना 'ही दिंडी' हे नक्की सांगता येतं, आणि त्यावरून मात्रा मोजून हरवलेली ओळ पडताळता येते.

पायपेटी

कोमल निषाद लावून पाहिला, दुसरा भाग बरोबर आला. आता खंड वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?

लिपीकार

क्रमाने नको. आधी दहावा, हासिदी गाण्यांचा. बऱ्याच धुना निःशब्द, 'याम बाम' अशा अक्षरांवर गायच्या, त्यामुळे हिब्रू न येताही वाजवता येतात, आणि 'हावा नागिला'चं कूळ तिथेच आहे. मग नववा. आठव्यात श्टायगर प्रत्यक्ष प्रार्थनेत कसे चालतात ते दिसेल. तिथे तालाच्या रेघा शोधू नका, आलापासारखं वाचा.

त्यानंतर दुसरा, बगदादचा, कारण मकामाची सवय असलेल्या कानाला तो जवळचा वाटतो. पहिला खंड सर्वांत शेवटी ठेवा. येमेनी उच्चारच वेगळा आहे: जिथे इतर 'आ' म्हणतात तिथे बऱ्याचदा 'ऑ', एक 'ग' 'ज' होतो, एक 'त' 'थ' होतो. प्रस्तावनेतला उच्चारांचा भाग वाचल्याशिवाय स्वरांना हात लावलात तर अक्षरं स्वरांखाली बसणार नाहीत. खंड हिब्रू, जर्मन आणि इंग्रजी आवृत्त्यांत निघाले, पण प्रत्येक खंड तिन्ही भाषांत सापडेलच असं नाही, म्हणून ग्रंथालयात मागताना खंड क्रमांकाबरोबर भाषाही सांगा. इडेलसोन यांची कागदपत्रं जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बेने इस्राएल गायकीची नंतरची मुद्रणं शोधायची तर त्याच ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहापासून सुरुवात करावी.